पोकलेनचे रोलर आणि फायनल ड्राइव्ह: आपल्या शेडमध्ये दुरुस्ती, तेल आणि ग्रीस कसं करायचं

पोकलेनच्या खालच्या भागात ग्रीस एकाच ठिकाणी जातं: मशीन ज्यावर चालतं ती लोखंडी चेन ताणायच्या सिलिंडरमध्ये. तिथेही ते वंगण म्हणून जात नाही, दाब धरून ठेवायला जातं. बॉटम रोलर (चेनवर मशीनचं वजन पेलणारे), टॉप रोलर (चेनचा वरचा भाग धरणारे), आयडलर (पुढच्या टोकाचं मोकळं चाक) आणि फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारा गिअरबॉक्स) हे सगळं तेलावर चालतं. तरी दर उन्हाळ्यात कुठल्यातरी शेडमध्ये रोलरच्या शाफ्टला ग्रीस भरायचं निपल बसवलं जातं, ग्रीस गनचे दहा-बारा दांडे मारले जातात, आणि पावसाळ्याआधी तोच रोलर जाम होतो. कारण साधं आहे. हातगनचा दाब शेकडो बारमध्ये जातो आणि रोलरचं सील काही बारसाठीच बनवलेलं असतं. ग्रीस भरलं की सील आतून उचललं जातं आणि पहिल्याच चिखलात माती आत शिरते. शिवाय शाफ्टभोवतीच्या बुशमधली उष्णता तेल बाहेरच्या कवचापर्यंत नेतं. ग्रीस जिथे फेकलं जातं तिथेच चिकटून बसतं आणि बुश जळतो.

इथे दिलेली पद्धत २० टनी वर्गाच्या पोकलेनसाठी आहे. विहिरी, शेततळी, नाला खोलीकरण आणि मुरूम भरणं ही कामं करणारी मशीन बहुतेक याच वर्गातली असतात. डोझरलाही बरंचसं लागू पडेल, पण त्याचे आकडे वेगळे. खाली जिथे आकडा दिलाय तिथे तो अंदाजासाठी घ्या. शेवटचा शब्द तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा.

घरी काय उघडायचं आणि काय नाही

चेनचा ताण, फायनल ड्राइव्हचं तेल, बॉटम आणि टॉप रोलर बदलणं, रोलरचे सील बदलणं ही कामं शेडमध्ये होतात. मशीनचं स्वतःचं बूम हाच तुमचा जॅक.

तीन कामांना घरी हात लावायचा नाही. पहिलं म्हणजे आयडलरच्या मागची रिकॉइल स्प्रिंग. ती कारखान्यात टनावारी दाबून बसवलेली असते, आणि तिचा नट सुटला तर समोरचा माणूस वाचत नाही. दुसरं, फायनल ड्राइव्हचं पोट उघडणं. तिथल्या बेअरिंगचं प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) मोजून बसवावं लागतं, अंदाजाने जमत नाही. तिसरं, चेनची दोन टोकं जोडणारी मास्टर पिन घणाने ठोकून काढणं. पिन आणि घण दोन्ही कडक पोलादाचे, उडालेली कपची गोळीसारखी लागते. आयडलर काढायला बहुतेक मशीनवर चेन तोडावीच लागते. म्हणून आयडलर ज्याच्याकडे फिरता प्रेस आहे अशा फिटरला द्या.

सावधान: तेल भरलेल्या बंद रोलरवर किंवा आयडलरवर वेल्डिंग करू नका, गॅस कटरही लावू नका. आतलं तेल तापून वाफ होते आणि रोलर फुटतो. घासलेले रोलर "भरून" आणायचे असतील तर आधी पूर्ण उघडून, तेल काढून, सुटं कवचच वेल्डरकडे न्या.

टप्पा १: जागा आणि सामान

जमीन सपाट आणि कडक हवी. काँक्रीट असेल तर उत्तम, नाहीतर दाबून बसवलेला मुरूम. काळ्या मातीत, विशेषतः एखादा वळीव पडून गेल्यावर, ठोकळे खचतात. वरून कोरडी दिसणारी काळी जमीन खाली लोण्यासारखी असू शकते, तिथे हे काम करूच नका.

सामान आधी एका ताडपत्रीवर मांडून घ्या:

१. रेल्वे स्लीपरसारखे जाड लाकडी ठोकळे, निदान चार. विटा, दगड आणि सिमेंटचे ब्लॉक चालत नाहीत, ते न सांगता फुटतात.
२. रोलर बोल्टच्या मापाचं सॉकेट, रिंग पाना, लांब पाइप आणि टॉर्क रेंच. टॉर्क रेंच विकत घ्यायला महाग वाटतो, तर भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा. "पाइप लावून दोघांनी ओढलं म्हणजे झालं" हा हिशेब इथे चुकतो. कमी ओढला तर बोल्ट सुटतो, जास्त ओढला तर तुटतो.
३. पहार, पितळी ड्रिफ्ट (पिन ठोकून काढायचा दांडा), लहान हातोडा.
४. ग्रीस गन आणि ईपी २ दर्जाचं लिथियम ग्रीस. हे फक्त चेनच्या सिलिंडरसाठी.
५. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तेल. इथे लोक हमखास फसतात. काही कंपन्या फायनल ड्राइव्हला ९० नंबरचं गिअर ऑइल सांगतात, काही ३० नंबरचं. रोलरमध्येही तसंच. शेजाऱ्याच्या मशीनमध्ये जे चालतं ते तुमच्यात चालेलच असं नाही.
६. नवे सील संच, नव्या ओ-रिंग, प्लगच्या ओ-रिंग.
७. लिंट न सोडणारं सुती कापड. गॅरेजमधलं दोऱ्यांचं वेस्ट सीलच्या कामात वापरायचं नाही, एक धागा अडकला तरी सील गळतं.
८. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल.
९. जनावरांच्या डॉक्टरकडे असते तसली मोठी सिरिंज. रोलरमध्ये तेल भरायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.
१०. गॉगल, हातमोजे, जुनं तेल धरायला पाटी.

टप्पा २: धुणं आणि निदान

आधी धुवा. चिखलाने माखलेल्या रोलरचं निदान करता येत नाही. प्रेशरच्या पाण्याची नळी रोलरच्या टोकाच्या कॉलरवर जवळून रोखू नका, पाणी मातीसकट सीलमध्ये घुसतं. फावड्याने आणि पहारीने सुका चिखल काढा, मग हातभर लांबून पाणी मारा.

धुऊन झालं की मशीन कोरड्या जमिनीवर दहा-पंधरा मिनिटं पुढेमागे चालवा. मग थांबवून, इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून प्रत्येक रोलरजवळ तळहाताची मागची बाजू न्या, लगेच टेकवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आणखी चांगलं. सगळे रोलर थोडेफार गरम होतात. शेजाऱ्यांपेक्षा एकच रोलर स्पष्ट जास्त तापला असेल तर त्यातलं तेल गेलेलं आहे.

मग बूमने एक बाजू उचला. त्याची रीत: वरचा भाग ९० अंश फिरवा, बकेटची पाठ जमिनीवर सपाट टेकवा, बूम आणि आर्ममधला कोन ९० ते ११० अंशांच्या दरम्यान ठेवा आणि हळू दाबा. कोन फार उघडा ठेवला तर मशीन सरकतं आणि सिलिंडरवर नको तेवढा भार येतो. उचलल्याबरोबर ट्रॅक फ्रेमखाली (जिला रोलर बसवलेले असतात) दोन्ही टोकांना ठोकळे. हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणीही खाली हात घालायचा नाही, मग ऑपरेटर कितीही जुना असो.

ठोकळे लागले की चेन हळू फिरवून पाहा. चेन फिरत असताना सगळ्यांनी लांब उभं राहायचं, जवळ जायचं ते चेन थांबल्यावर. आणि मग हे पाहा:

- कोणता रोलर चेनबरोबर फिरत नाही? त्याच्यावर लवकरच सपाट घासलेला पट्टा दिसेल.
- कोणत्या रोलरच्या कॉलरपाशी तेलात भिजलेली काळी धूळ आहे?
- पहारीने रोलर वर-खाली हलवला तर किती खेळ आहे? शाफ्ट आणि बुशमधला खेळ दीड मिमीच्या घरात गेला असेल तर फक्त सील बदलून उपयोग नाही.
- स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) आतल्या बाजूला, फायनल ड्राइव्हच्या सांध्यात तेल ओघळलंय का? तिथलं मोठं सील गेलं असेल तर ते काम वर्कशॉपचं.

चेनही मोजून घ्या, नाहीतर नवे रोलर जुन्या चेनवर चढवून पैसे वाया जातात. या वर्गाच्या चेनचं नवं पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) १९० मिमी असतं. मशीन जमिनीवर ठेवून स्प्रॉकेटच्या दातात एक लोखंडी तुकडा अडकवा आणि मशीन थोडं मागे घेऊन चेन ताणा. चार कड्यांचं अंतर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजा, मास्टर पिनचं कडं सोडून. नव्या चेनवर ७६० मिमी येईल. ७७५ च्या पुढे गेलं असेल तर पिन-बुश संपलेत. तसं होण्याआधीच पिन-बुश १८० अंशांत फिरवून घेतले तर चेनला दुसरं आयुष्य मिळतं. बुश आरपार झिजल्यावर फिरवायला काही उरत नाही.

टप्पा ३: फायनल ड्राइव्हचं तेल, गरम असतानाच

हे काम लोक शेवटी ठेवतात. आधी करा, कारण निदानासाठी मशीन नुकतंच चाललंय, तेल पातळ आहे आणि तळातली घाण त्यात तरंगतेय. फक्त अर्धा तास थांबा, कढत तेल अंगावर नको.

स्प्रॉकेटच्या बाहेरच्या झाकणावर प्लग असतात, दोन किंवा तीन. मशीन इंच-इंच सरकवून एक प्लग घड्याळातल्या सहाच्या जागी येईल असं थांबवा. तो निचऱ्याचा. बाजूचा, तीन किंवा नऊच्या जागी येणारा, पातळीचा.

आता क्रम:

१. आधी पातळीचा प्लग हळू सैल करा, तोंड बाजूला ठेवून. आत दाब साठलेला असतो. फुस्स झालं की थांबा, मग पूर्ण काढा.
२. पाटी लावून खालचा प्लग काढा. तेल पूर्ण गळू द्या.
३. तेल बोटावर घेऊन पाहा.
४. खालचा प्लग नव्या ओ-रिंगसह किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर सीलिंग टेपसह लावा.
५. पातळीच्या भोकातून (किंवा वर तिसरा प्लग असेल तर त्यातून) तेल भरा, हळूहळू. घट्ट तेल गिअरमध्ये उतरायला वेळ घेतं. थोडं भरा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा भरा. पातळीच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की पुरे. प्रत्येक बाजूला मॉडेलप्रमाणे साधारण ३ ते ७ लिटर लागतं.
६. दोन्ही बाजूंना सारखंच करा. एकच बाजू बदलून दुसरी "पुढच्या वेळी" ठेवू नका.

तिसऱ्या पायरीवर जरा रेंगाळा, कारण जुनं तेल मशीनची खरी हकीकत सांगतं. प्लगवर करडी, पेस्टसारखी मऊ लोखंडी धूळ असेल तर काळजी नाही, गिअर घासतात तेव्हा तेवढं होतंच. चमकणारे चपटे तुकडे किंवा दाताचे टवके दिसले तर मशीन उभं करा आणि फिटरला बोलवा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. आणि एक लक्षण बहुतेकांच्या नजरेतून सुटतं: तेल भरलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं, पातळ आहे आणि हायड्रॉलिक तेलासारखा वास येतोय. याचा अर्थ मशीन चालवणाऱ्या ट्रॅव्हल मोटरच्या शाफ्टचं सील गेलंय आणि हायड्रॉलिक तेल गिअरमध्ये उतरतंय. अशा वेळी नुसतं तेल बदललं तर काही दिवसांत दाब वाढून बाहेरचं मोठं सीलही जातं.

पातळी तपासायला बहुतेक मॅन्युअलमध्ये २५० तास सांगतात आणि तेल बदलायला २००० तास. नवीन मशीनचं पहिलं तेल त्याच्या कितीतरी आधी काढतात. पावसाळ्यात ओढ्यात किंवा तळ्यात काम केलं असेल तर तासांची वाट न बघता निचऱ्याचा प्लग जरासा सैल करून पाणी येतं का ते पाहा. पाणी जड, ते तळाशी बसतं, आधी तेच बाहेर येतं.

टप्पा ४: चेन ढिली करा

रोलरला हात लावण्याआधी चेन ढिली झालीच पाहिजे. ट्रॅक फ्रेमच्या बाजूला एका झाकणाआड ग्रीसचा व्हॉल्व्ह असतो. ग्रीस निपल त्याच्याच डोक्यावर बसवलेलं असतं. निपल सोडायचं नाही, व्हॉल्व्ह सोडायचा, आणि तोही हळूहळू, एका फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

सावधान: आत प्रचंड दाबाखालचं ग्रीस आहे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. चेहरा, हात, पाय, काहीही त्याच्या समोर ठेवू नका, बाजूला बसा. ग्रीसची बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसते, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि दुखतही नाही. तरी त्याच तासाला सर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा आणि "दाबाचं ग्रीस आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. संध्याकाळपर्यंत थांबलं तर बोट जाऊ शकतं.

एका फेऱ्यानंतरही ग्रीस येत नसेल तर व्हॉल्व्ह आणखी सोडू नका. सगळ्यांना लांब करून मशीन थोडं पुढेमागे घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने येतं. तरी आलं नाही तर सिलिंडर अडकलाय. तिथे थांबा आणि फिटर बोलवा. हातोडा मारू नका.

तपासा: चेन वरच्या बाजूला टॉप रोलरपाशी हाताने उचलली जाण्याइतकी ढिली झाली का?

टप्पा ५: बॉटम रोलर काढा

इथला क्रम बहुतेक जण उलटा करतात. मशीन आधी उचलतात, मग खाली झोपून बोल्ट सोडतात, आणि ३५-४० किलोचा रोलर हातावर घेतात. ती गरजच नाही.

१. मशीन जमिनीवर असतानाच खराब रोलरचे चारही बोल्ट पूर्ण काढा. वजन बाकीच्या रोलरवर असतं, या वर्गात एका बाजूला सात ते नऊ बॉटम रोलर असतात. एका वेळी एकच रोलर मोकळा करा, शेजारचे दोन एकदम नाही.
२. मग वरचा भाग ९० अंश फिरवून बूमने ती बाजू उचला. फ्रेम वर जाते, रोलर चेनवरच बसून राहतो.
३. फ्रेमखाली ठोकळे. बूमचा दाब अगदी थोडा कमी करून वजन ठोकळ्यांवर बसू द्या. इंजिन बंद.
४. पहारीने रोलर चेनवरून बाहेर सरकवा, फळीवर घ्या.

हलत नसलेल्या बोल्टला गॅसने लाल करण्याचा मोह होईल. रोलर फेकूनच द्यायचा असेल तरी गॅस नको, कारण आत तेल आहे. सील वाचवायचं असेल तर आणखीनच नको, रबराची रिंग तेवढ्या उष्णतेत संपते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मारून ठेवा, सकाळी सुटतो.

डोझरवर एका कडेचे आणि दोन कडांचे रोलर आलटून पालटून असतात. तिथे काढण्याआधी खडूने क्रमांक टाका.

टप्पा ६: रोलर उघडणं आणि फ्लोटिंग सील

रोलरमधला शाफ्ट फिरत नाही. तो दोन टोकांच्या कॉलरमध्ये पिनने अडकवलेला असतो, आणि कवच त्याच्यावर, पितळी बुशवर फिरतं. दोन्ही टोकांना फ्लोटिंग सील असतं: आरशासारख्या घासलेल्या दोन लोखंडी रिंगा एकमेकींवर फिरतात आणि प्रत्येकीमागे एक जाड रबरी रिंग तिला दाबून धरते. धूळ बाहेर आणि तेल आत राहतं ते या दोन रिंगांच्या पृष्ठभागामुळे. त्या पृष्ठभागावर वाळूचा एक कण बसला तर रोलरचं आयुष्य संपलं. म्हणून हे काम वारा सुटलेल्या दुपारी, अंगणात, खडी फोडायच्या मशीनशेजारी करायचं नाही. शेडमध्ये पाणी शिंपडून, सकाळी, टेबलावर कोरा कागद पसरून करा.

आधी तेलाचा प्लग उघडून तेल काढा. काही स्वस्त रोलरमध्ये प्लगऐवजी दाबून बसवलेली खुंटी असते. असा रोलर घरी उघडत बसू नका, नवा घ्या. मग एका कॉलरची आडवी पिन ड्रिफ्टने काढा, कॉलर ओढून काढा आणि शाफ्ट दुसऱ्या कॉलरसकट बाहेर घ्या.

आता ठरवा. शाफ्टवर नखाला जाणवेल अशी खाच असेल, पोलाद निळं पडलं असेल किंवा बुश एका बाजूला खाल्ला गेला असेल, तर दुरुस्ती परवडत नाही. नुसते बुश गेले असतील आणि शाफ्ट गुळगुळीत असेल तर बुश लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून घ्या. सगळं ठीक असेल तर फक्त सील.

सील बसवायची रीत:

१. कवच, शाफ्ट आणि कॉलर डिझेलने धुवा, हवेने सुकवा. शेवटचा हात मात्र अल्कोहोलचा. डिझेल-रॉकेल मागे तेलकट थर सोडतात, आणि रबरी रिंग जिथे बसते तिथे तेल असलं की ती घसरते.
२. नवी रबरी रिंग लोखंडी रिंगवर चढवा. ती कुठे पिळली गेली नाही ना, हे साच्याची रेघ सरळ गोल फिरतेय का यावरून कळतं.
३. रबर आणि त्याची बैठक पूर्ण कोरडी. इथे तेलाचा थेंबही नको.
४. रिंग चारही बाजूंनी सारख्या दाबाने आत बसवा. खरं तर यासाठी गोल साधन मिळतं. ते नसेल तर योग्य मापाच्या प्लॅस्टिक पाइपचा सरळ कापलेला तुकडा चालतो. एका बाजूने अंगठ्याने दाबत नेलं तर रबर दुमडतं.
५. चार ठिकाणी पट्टीने उंची मोजा. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक आला तर ठोकून सरळ करू नका, काढून पुन्हा बसवा.
६. आता फक्त आरशासारख्या पृष्ठभागावर, स्वच्छ बोटाने, तेलाचा पातळ थर.
७. शाफ्टच्या ओ-रिंगला तेल लावून बसवा, कॉलर सरळ दाबून पिन घाला.

जुन्या आणि नव्या रिंगांची जोडी लावू नका. दोन रिंगा एकत्र घासून आलेल्या असतात, जुनीच्या खाचेत नवी बसत नाही. आणि रिंग जमिनीवर पडली तर ती गेली. दिसायला काही झालेलं नसतं, म्हणूनच लोक ती वापरतात.

टप्पा ७: हवेची चाचणी, मग तेल

तेल भरण्याआधी प्लगच्या भोकातून १ किलो प्रति चौ. सेमी हवा भरा आणि १० सेकंद काटा पाहा. काटा जागेवरून हलता कामा नये. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नळी थेट लावू नका. तिथे सात-आठ किलो दाब असतो, नवं सील तिथल्या तिथे उलटेल. मध्ये रेग्युलेटर हवाच. गळतंय की नाही हे साबणाच्या फेसाने शोधा, रोलर पाण्याच्या टाकीत बुडवू नका.

काटा टिकला तर रोलर उभा करून, भोक वर ठेवून, सिरिंजने तेल हळू सोडा. मध्ये मध्ये कवच हाताने फिरवा म्हणजे आतली हवा वर येते. बॉटम रोलरमध्ये तेल फार मावत नाही, पाव लिटरच्या आसपास. मॅन्युअलच्या मापाएवढंच भरा. काठोकाठ भरलं तर तापल्यावर फुगलेल्या तेलाला जागा उरत नाही आणि ते सीलमधूनच वाट काढतं.

तपासा: प्लग लावून रोलर आडवा करा, कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग नको. घाई असेल तरी ही रात्र वाचवू नका.

टप्पा ८: रोलर चढवा

काढण्याच्या उलट क्रमाने. फ्रेमवरची बैठक तारेच्या ब्रशने घासा, गंजाचा पापुद्रा राहिला तर बोल्ट कितीही आवळला तरी चार दिवसांत सैल होतो. रोलर चेनवर सरकवा, ठोकळे काढून मशीन हळू खाली घ्या. भोकं जुळवताना बोट घालून पाहू नका, ड्रिफ्ट घाला. बोल्ट नवे घ्या, सूत स्वच्छ करा, थ्रेड लॉकर लावा, आधी हाताने चारही धरा, मग तिरक्या क्रमाने टॉर्क रेंचने ओढा.

टॉप रोलर याच्यापुढे सोपा. चेन ढिली असतानाच फ्रेम आणि चेनच्या मध्ये लहान जॅक लावून चेन सेंटीमीटरभर उचला, बोल्ट सोडा, रोलर ओढून घ्या. जॅक आणि चेनच्या मध्ये लाकूड ठेवा म्हणजे तो सटकत नाही. टॉप रोलर जाम होण्याचं कारण बहुतेक वेळा त्याच्या खांबाभोवती साठून सुकलेला चिखल असतो, तेव्हा बदलण्याआधी तो खरवडून पाहा.

टप्पा ९: चेनचा ताण

व्हॉल्व्ह बंद करून मॅन्युअलप्रमाणे ओढा, मग ग्रीस गनने ताण द्या. मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि लोक एकीचा आकडा दुसरीला लावतात.

पहिली, कोमात्सुच्या मशीनवर सांगतात ती: मशीन जमिनीवर, आयडलर आणि पुढच्या टॉप रोलरवर सरळ लाकडी पट्टी ठेवा, पट्टी आणि चेनमधलं सर्वांत मोठं अंतर १० ते ३० मिमी हवं. दुसरी, हिताचीच्या २० टनी मशीनची: बाजू उचला, मधल्या रोलरपाशी फ्रेमच्या तळापासून लोंबणाऱ्या चेनच्या प्लेटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजा, ३०० ते ३३५ मिमी हवं. कुठल्याही पद्धतीत मोजण्याआधी मशीन पुढेमागे चालवून ताण सारखा होऊ द्या.

घट्ट चेन रुबाबदार दिसते, पण बुश, स्प्रॉकेट, आयडलर सगळं खाते आणि डिझेलही. काळ्या चिकट मातीत मर्यादेच्या ढिल्या बाजूला ठेवा, कारण चिखल स्प्रॉकेटमध्ये भरला की चेन आपोआप आवळते. मुरुमात आणि खडकावर मर्यादेच्या मध्यावर. ताण शेडमध्ये लावला तरी कामाच्या जागेवर तासभर चालल्यावर पुन्हा पाहा.

ग्रीस मारूनही काही दिवसांत चेन पुन्हा ढिली होते? व्हॉल्व्हपाशी ओलं दिसत असेल तर व्हॉल्व्ह, फ्रेमच्या आत आयडलरच्या मागे ग्रीस सांडलेलं असेल तर सिलिंडरचं सील. दोन्ही कोरडं असेल तर चेन लांबली आहे, टप्पा २ मधलं माप पुन्हा घ्या.

टप्पा १०: चालवून पाहा

अर्धा तास कमी वेगाने चालवा, दोन्ही दिशांना, आणि दोन्ही बाजूंना वळवून. नव्या रोलरचं तापमान शेजाऱ्यांशी जुळतं का पाहा. कॉलरपाशी तेलाची कड दिसली तर तो रोलर पुन्हा उघडायचा, "बसेल थोड्या दिवसांत" असं होत नाही. फायनल ड्राइव्हची पातळी थंड झाल्यावर परत पाहा.

या काळात ऑपरेटरच्या दोन सवयी मोडा. रस्त्यावरून मैलोन्मैल चालवत नेणं ही एक, त्यात रोलर तापून तेल पातळ होतं. लांब जायचं तर ट्रेलर बोलवा, आणि जवळच जायचं असलं तरी मध्ये थांबून रोलर निवू द्या. दुसरी, वेगात मागे घेणं. स्प्रॉकेट मागच्या बाजूला असताना मागे जाताना चेनचा बराच मोठा भाग ताणाखाली असतो आणि बुशची झीज वाढते.

पावसाळ्यात मशीन उभं राहणार असेल तर चेनमधला चिखल त्याच संध्याकाळी काढा, सुकल्यावर तो सिमेंट होतो. आठवड्यातून एकदा थोडं पुढेमागे घ्या म्हणजे सीलवरचा तेलाचा थर कोरडा पडत नाही.

आठ-दहा तास काम झालं की नव्या बोल्टांवर पुन्हा एकदा टॉर्क रेंच लावा. त्यानंतर बोल्ट आणि फ्रेमवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, हे हेल्परलाही चालता चालता कळतं.